ज्या नावाला जेसांग शिंकली

माझा भुताखेतांवर विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. रविवारी मी चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर बसते, वर्गणी वेळेवर देते, आणि कड्यावरच्या धुक्यातून कुणी हाक मारली म्हणून सांगत येणाऱ्या बायकांना तोंडावर वेड्या म्हणते. तरी जेसांगचं जसं झालं तसंच सांगावं लागणार. त्यातून देव, सैतान किंवा डॉक्टर ज्याला जो अर्थ काढायचा तो त्याने काढावा.

आमचं गाव कापकेसुम केरिओच्या दरीच्या अगदी ओठावर आहे. एका बाजूला मक्याची शेतं, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसती खोल दरी. गावात गाई जितक्या, जवळजवळ तितकेच धावणारे. जेसांग पंधराशे मीटरची, आणि मी, डॉर्कस, तिचा ससा. ससा म्हणजे पुढे धावून वेग धरून देणारा. त्याने जिंकायचं नसतं, वेळ आली की मुकाट्याने बाजूला व्हायचं असतं. मला ते जमतं. नऊ वर्षं मी तिच्यापुढे धावले. तोंडाकडे न बघता, मागून येणाऱ्या नुसत्या श्वासावरून मी सांगायची की आज हिचं पोट बिघडलंय किंवा ही घरी भांडून आलीय.

आमच्याकडे मूल जन्मलं की म्हाताऱ्या बायका त्याच्या नाकाशी तपकीर धरतात आणि बापाच्या घरातल्या मेलेल्या माणसांची नावं एकेक करून घेतात. ज्या नावाला मूल शिंकेल ते माणूस परत आलं असं धरायचं. मी एका पणजीच्या नावाला शिंकले. ती भांडखोर म्हणून पाच गावांत प्रसिद्ध होती, आणि माझी आई म्हणते की त्यात शंकेला जागाच नाही. जेसांग मात्र कुणालाच शिंकेना. तिच्या आजीने घरातल्या सगळ्या मेलेल्या बायकांची नावं घेतली, पोर शांत पडून छताकडे बघत होती. तपकीर संपत आली. तेव्हा आजीने एक नाव घेतलं जे घेताना तिची जीभ अडखळली, असं तिथे असलेल्या बायका सांगतात. कोबिलो. आजीची स्वतःची मुलगी, जेसांगची आत्या. वाळवंटातल्या एका देशात धावायला गेलेली आणि तिकडेच तापाने वारलेली. बातमी कुणा धावणाऱ्याने आणली होती, त्याला दुसऱ्याने सांगितली होती. पुरायला देह आला नव्हता.

कोबिलो म्हटल्याबरोबर पोर शिंकली.

अंगणात जन्मली म्हणून रोजचं नाव जेसांग पडलं, पण आजीच्या तोंडून ते कधी कुणी ऐकलं नाही. या आजीला सगळं गाव कोगो म्हणतं, आणि कोगो नातीला कोबिलोच म्हणायची. नुसती म्हणायची नाही, तसंच वागायची. तीन वर्षांच्या पोरीला गाय विकावी का विचारायची. आंबट दूध साठवलेला भोपळा उघडला की पहिला पेला तिला. "तू गेलीस तेव्हा हे झाड माझ्या कमरेला लागत होतं," असं तिला सांगायची, आणि पोर मान हलवायची.

मोठी होऊन जेसांग धावायला लागली तेव्हा जुनी माणसं मैदानाच्या कुंपणाशी गप्प झाली. डावं कोपर अंगापासून दूर, उडायला निघालेल्या कोंबडीसारखं. वळणावर आतली बाजू मोकळी असली तरी हिचं आपलं बाहेरून, लांबून. हे सगळं कोबिलोचं होतं. जेसांगने आत्याला पाहिलेलं नव्हतं, आणि आत्याचा धावतानाचा एकही फोटो गावात नाही. एकदा मी वैतागून विचारलं, की बाई गं, बाहेरून जाऊन फुकट पावलं का वाया घालवतेस. ती म्हणाली, "आतून कुणीतरी धावत असतं ना." मी हसले. मग तिच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू आवरलं.

तिला स्वतःला या प्रकाराचा वीट आला होता. नळावर कपडे धुताना एकदा म्हणाली की, मी जिंकले तर कोगोसाठी कोबिलो जिंकते, हरले तर कोबिलो दमलेली असते, मग आजवर मी काय केलं? नैरोबीच्या निवड शर्यतीत पहिल्या तिघींत येणारी देशाकडून परदेशी धावायला जाणार होती. तिकडे फलकावर नाव झळकतं. ते कोगोला अक्षर न् अक्षर वाचून दाखवीन, असं ती कपडे आपटत म्हणाली. त्या शर्यतीसाठी ती तयारी करत होती, आणि त्याच्या पलीकडे तिला काही दिसत नव्हतं.

आमचे कोच किमोसोप. बोलायला कडू, पण घड्याळ पक्कं. पहाटे धुक्यात सगळ्यांनी मिळून धावायचं, शब्द न बोलता. दुपारी लाल मातीच्या मैदानावर चारशेचे फेरे, मधे जेमतेम श्वास घ्यायला उसंत. मैदानात मेंढ्या चरायच्या, त्या आम्हाला इतक्या सरावल्या होत्या की आम्ही अंगावर आलो तरी मान वर करत नसत. शर्यतीला महिना उरला असेल, आणि जेसांग जन्मात धावली नव्हती इतकी चांगली धावत होती. तिच्यापुढे राहताना माझ्या फुफ्फुसांची चाळण व्हायची.

अशाच एका दुपारी मटाटूतून, म्हणजे आमच्याकडच्या प्रवासी गाडीतून, एक बाई उतरली. हातात एक पिशवी. अंगावर शहरी झगा, पंचेचाळिशीची असेल. रस्त्याने सरळ मैदानाकडे आली आणि कुंपणाच्या बाहेर, गवतात बसली. आमचा फेरा सुरू होता. शेवटच्या वळणावर जेसांगने वेग घेतला तशी मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या. पण आमच्याकडे बघून नाही. त्या बाईकडे बघून.

फेरा संपला. आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून वाकलो, आणि मला कुंपणापलीकडून दम लागल्याचा आवाज आला. बाई बसल्या जागी धापा टाकत होती. कपाळावरून घाम ओघळत होता.

"कुणाच्या घरच्या तुम्ही?" मी विचारलं.

तिने कोगोच्या घराकडे बोट केलं. "मी कोबिलो," म्हणाली. "आई आहे ना माझी अजून?"

जेसांग माझ्या शेजारीच उभी होती. तिने पाण्याची बाटली खाली ठेवली. आडवी पडून ती मातीत रिकामी होत गेली तरी आमच्यापैकी कुणी ती उचलली नाही.

आम्हीच तिला घरी घेऊन गेलो. कोगो अंगणात शेंगा सोलत होती. तिने मान वर केली, बाईला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. ओळखलं, याबद्दल मी बायबलवर हात ठेवून सांगेन. हातातली शेंग तिने टोपलीत नेमकी टाकली.

"आई," बाई म्हणाली.

कोगो जेसांगकडे वळली. "कोबिलो, ही कोण बाई आणलीस? तिला चहा दे आणि वाटेला लाव."

"कोगो, ही आत्या आहे," जेसांग म्हणाली. "ही जिवंत आहे."

"माझी मुलगी मेली आणि परत आली. माझ्यासमोर उभी आहे. एका घरात एक माणूस दोनदा येत नाही." एवढं बोलून ती टोपली घेऊन आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आमच्याकडे भरदिवसा दार लावायची रीत नाही. माणूस गेलं तरच लावतात.

मला तेव्हा त्या म्हातारीचा असा संताप आला की काय सांगू. पोटची पोर उन्हात उभी, आणि ही आतून कडी घालते. पण गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्या तिच्याच बाजूने होत्या. जिवंत माणसाचं नाव बाळाला दिलं, ही चूक ऐकिवात नव्हती. झाली असेल तर तिला उतारा कुणाला ठाऊक नव्हता. जेसांगच्या बापाने, म्हणजे कोबिलोच्या सख्ख्या भावाने, बहिणीला कोंबडी नेऊन दिली आणि तो मान खाली घालून परत गेला. मग मीच तिला माझ्या खोलीत ठेवलं. पणजीचा गुण, दुसरं काय.

कोबिलो-आत्यासोबत राहणं सोपं नव्हतं. ती त्रास काहीच द्यायची नाही, तोच त्रास होता. ताटात मक्याच्या पिठाची उगाली वाढली की समोर घेऊन बसायची आणि चार घास खायची, मी बघतेय म्हणून. भूक लागत नाही म्हणाली. तहान कळत नाही. स्वप्न पडत नाही. रात्री डोळे मिटते आणि सकाळी उघडते, मधे काहीच नसतं. हे सगळं ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगायची.

तिकडच्या लोकांनी तिला त्यांच्याच देशाकडून धावायला लावलं होतं आणि नाव बदललं होतं. पासपोर्ट त्यांच्याकडे, पत्र लिहायला बंदी. तिला त्याचं काही वाटत नव्हतं कारण ती जिंकत होती. मग एक मोठी शर्यत आली. शेवटच्या वळणावर ती सगळ्यांच्या पुढे होती, आणि अंगातून काहीतरी निघून गेलं.

"दुखलं का?" मी विचारलं.

"नाही गं. नाकातून वारा गेल्यासारखं झालं. आणि मग मला पाय कसे उचलतात तेच आठवेना."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. लंगड्या घोड्याला कोण चारा घालतं? त्या लोकांनी तिला सोडून दिलं. ती तिकडेच म्हाताऱ्यांची शुश्रूषा करत राहिली. आमच्या गावातून परदेशी गेलेला माणूस परत येतो तो गाय आणि पत्र्याचं घर घेऊन येतो, ही काय घेऊन येणार होती? लाजेपायी वर्षं गेली. आपण इथे मेलो आहोत हे तिला मटाटूतून उतरेपर्यंत माहीत नव्हतं.

ती शर्यत कधी झाली, असं मी सहज विचारलं. ईस्टरच्या आदल्या दिवशी, म्हणाली, सणाला धावायला लावलं म्हणून लक्षात आहे. मी वर्ष विचारलं. मग मी उठून बाहेर गेले आणि उगाचच अंगण झाडलं. जेसांगच्या नावाचा विधी ईस्टरच्या आदल्या दिवशी झाला होता. तेच वर्ष. कोगोने ते हजारदा सांगितलं आहे.

मी कुणाला बोलले नाही. पण रोज मैदानावर जे चाललं होतं ते झाकायचं कसं? आत्या कुंपणाशी येऊन बसायची. जेसांगने वेग घेतला की आत्याचा ऊर भात्यासारखा हलायचा. आणि आत्या उठून दोन पावलं चालली, पिशवी घ्यायला किंवा सावलीत सरकायला, की माझ्या मागचा श्वास तुटायचा. मागे वळून बघावं तर जेसांग चार हात मागे पडलेली असायची, अर्ध्या झोपेतून उठवल्यासारखी. कोच किमोसोप म्हणाले की, हिला लोह कमी पडतंय, पालेभाजी खा. मग घड्याळाला दोष देऊन झाला, मग मला.

एका गुरुवारी आत्या गवतातून उठली आणि तिने चपला काढल्या. मी वळणावर होते, म्हणून मला नीट दिसलं. तिने झगा गुडघ्यांवर खोचला आणि कुंपणाच्या बाहेरून, अनवाणी, ती धावायला लागली. डावं कोपर बाहेर. पंचेचाळिशीची बाई विशीतल्या पोरीच्या पायांनी धावत होती. पायांचा आवाज होत नव्हता. इतकं सुख मी कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. जेसांग रस्सी सुटलेल्या बादलीसारखी मातीत बसली होती. डोळे उघडे, श्वास चालू, पण मी हाक मारली तर ओळख नाही.

आत्याने ते पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. थांबल्याबरोबर तिचे खांदे उतरले, ती पुन्हा तीच मटाटूतून उतरलेली बाई झाली. आणि जेसांगने छाती भरून श्वास घेतला. दोघी कुंपणाच्या दोन बाजूंनी एकमेकींकडे बघत राहिल्या. कोच घड्याळ ठोकून बघत होते.

त्या संध्याकाळी जेसांग माझ्या खोलीवर आली. मी चहा टाकला.

"आत्या," जेसांग म्हणाली, "ते तुझं आहे. मी मागून घेतलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला, पोरी."

"मला फक्त नैरोबीपुरतं दे. त्या एका दिवसापुरतं. मग काय ते कोगोला विचारू."

आत्या हसली. "मी काय देणार? मी दरीत जाऊन बसले तरी उपयोग नाही. तू शिंकलीस तेव्हा मी समुद्रापलीकडे होते." मग तिने माझ्याकडे बोट केलं. "शर्यतीच्या वेळी हिने माझे पाय धरून ठेवायचे. मी उठायचं नाही. एवढंच आपल्या हातात आहे."

जेसांगने तिला विचारलं की, तुला काय हवं. धावायला नको, म्हणाली, ते आज झालं. आईने एकदा नावाने हाक मारली असती तर बरं वाटलं असतं. तेवढ्यासाठीच आले होते.

मी दुसऱ्या दिवशी कोगोकडे जाऊन भांडले. नाव परत घेता येत नाही का, म्हणून विचारलं. ती म्हणाली की, मेलेल्याचंच नाव घेता येतं, आणि मेलेल्यालाच ते परत देता येतं. मग तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही. पोटच्या पोरीचं मरण कुठल्या आईच्या मनात येऊ शकतं? पण आलं होतं.

शर्यतीच्या दिवशी जेसांगसोबत तिचा बाप गेला, कोच गेले. मी पोट दुखतंय म्हणून मागे राहिले. दुपारी खोलीत खाटेवर आत्या उताणी झोपली. शर्यत बघायला मी फोन थर्मासला टेकवून ठेवला आणि खाटेच्या पायथ्याशी बसून तिचे दोन्ही घोटे धरले. थंड होते, ओल्या काठ्यांसारखे.

शर्यतीच्या जरा आधी दारात सावली पडली. कोगो. तिच्या घरी फोन नव्हता आणि पोरगा नैरोबीला. "माझी कोबिलो दाखव," म्हणाली, आणि खाटेकडे पाठ करून तिपाईवर बसली. खाटेवर कुणी आहे हे तिला दिसलंच नव्हतं, असं दाखवत.

बंदुकीचा आवाज फोनमधून आला आणि माझ्या हातांतले घोटे गरम झाले.

पहिला फेरा सगळ्याच जपून धावल्या. जेसांग मागे, बाहेरच्या बाजूला, तिच्या नेहमीच्या जागी. आत्या निश्चल पडली होती, पण माझ्या तळव्यांखाली तिच्या शिरा उडत होत्या, आणि मी फोनकडे न बघता सांगू शकले असते की आता वळण आलं, आता सरळ रस्ता आला. नऊ वर्षं जो श्वास मी पाठीमागे ऐकला, तो आता माझ्यासमोर खाटेवरून येत होता. मी चर्चमध्ये शिकलेलं जे आठवेल ते पुटपुटत होते.

घंटा वाजली. शेवटचा फेरा. मधल्या पोरींनी एकमेकींना कोपरं मारत वाट अडवली, आणि जेसांग सगळ्यांना बाहेरून वळसा घालून पुढे आली. दुसरी, मग पहिली. फोनमधला माणूस ओरडून तिचं नाव घेत होता. जेसांग, जेसांग. आत्याचे पाय उसळायला लागले. मी खाटेवर चढून गुडघ्यांनी दाबले. तिचं अंग धनुष्यासारखं ताणलं गेलं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तिने ओठ असे चावले होते की रक्त आलं. पण उठली नाही. तिने शब्द पाळला, हे मला सगळ्यांना सांगायचंय.

फक्त तिच्या तोंडून कण्हणं निघालं. हळू, लहान मुलासारखं. "आई गं."

कोगोची नजर फोनवर होती. तिथे तिची कोबिलो जिंकत होती. पण आई ती आई. मागून पोर कण्हली आणि म्हातारी विचार न करता वळली.

"कोबिलो," ती म्हणाली, "काय झालं गं बाळा?"

माझ्या हातांत मग काहीच राहिलं नाही. मला ढकललं, हिसडा दिला, असं काही झालं नाही. दारातून ऊन आत आलं होतं, त्या उन्हातून आत्या बाहेर गेली एवढंच मी पाहिलं. दारापर्यंत पोचले तोवर ती कड्याच्या रस्त्यावर होती. झगा वाऱ्यावर, डावं कोपर बाहेर.

मी फोनकडे वळले. शेवटच्या वळणावर, सगळ्यांच्या पुढे, जेसांग थांबत चालली होती. लंगडत नव्हती, पडली नाही. चुकून दुसऱ्याच्या घरात शिरलेलं माणूस जसं आजूबाजूला बघतं तसं ती बघत होती. एकेक करून सगळ्या तिच्या बाजूने निघून गेल्या. मग ती चालत, एकटी, रेषेपाशी आली.

कोगो फोनजवळ वाकली होती. डोळे बारीक करून बघत होती.

"ही पोर कोण गं?" तिने मला विचारलं.

ती थट्टा करत नव्हती. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"तुझी नात आहे. जेसांग."

"जेसांग," कोगो म्हणाली. पहिल्यांदाच भेटलेल्या माणसाचं नाव लक्षात ठेवावं तसं तिने ते पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

आत्या संध्याकाळी परतली, तळपाय सोललेले. दरीच्या कडेकडेने किती लांब गेली होती कुणास ठाऊक, पलीकडच्या गावातल्या लोकांनी तिला पाहिलं होतं. ती माझ्या खोलीवर आली नाही, सरळ आईच्या घरी गेली. दार उघडं होतं. चुलीपाशी बसून तिने उगाली खाल्ली, पुन्हा मागितली, पुन्हा खाल्ली, आणि भांडं खरवडत रडली. कोगो तिच्या पायांना लोणी लावत होती. मी दारातून बघून परत आले. बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

जेसांग दोन दिवसांनी परतली. कोच गाडीतून उतरून कुणाशी न बोलता निघून गेले. डॉक्टरांनी तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. मला वाटलं ती शिव्या घालेल, आत्याला, मला, म्हातारीला. मी मार खायची तयारी ठेवली होती. ती माझ्या खाटेवर बसली.

"मला ऐकू आलं," म्हणाली. "शेवटच्या वळणावर. कोगोचा आवाज. तिने हाक मारली, आणि जन्मात पहिल्यांदा मला कळलं की ही मला नाही."

मी थर्मासमधला चहा ओतून तिच्यासमोर धरला.

"डॉर्कस, मला तेच तर हवं होतं ना. तिने मला त्या नावाने हाक मारायचं थांबवावं. आणि थांबवलं तेव्हा मला कळेचना, की मग धावतंय कोण."

तिला जवळ घेऊन मी रडले. ती रडली नाही. रडणंही तिला अजून यायचं होतं.

त्यानंतर आठवडाभर ती दारात बसून असायची. मग एका पहाटे, धुकं दाट असताना, बूट घालून माझ्या खोलीबाहेर उभी राहिली. मैदानावर गेलो, मी नेहमीसारखी पुढे झाले आणि हळू वेग धरला. मागून पावलं आली. आतल्या बाजूने, पांढऱ्या रेषेला लागून. एक पाऊल जड, एक हलकं, ताल नाही. श्वास आला. नऊ वर्षांचा माझ्या ओळखीचा श्वास नव्हता तो. धुक्यात माझ्या पाठीमागे कुणी परकी बाई धावत होती. वळून बघायचा मला धीर झाला नाही.

अर्ध्या फेऱ्यात ती धापा टाकायला लागली. "जरा हळू गं," मागून आवाज आला, "मला दम लागलाय."

मी वेग कमी केला.